‘मेदिझेइन’: एका आरोपाचा इतिहास

इतिहासाच्या व्याख्यानात एखादी लढाई असावी, एखादा राजा असावा, निदान एखादा तह तरी असावा, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. आज आम्ही आपल्यापुढे नुसते एक क्रियापद घेऊन आलो आहोत, आणि तेही प्राचीन ग्रीक भाषेतले. परंतु बिचकण्याचे कारण नाही. ह्या एका क्रियापदाच्या पोटात लढायाही आहेत, राजेही आहेत, आणि दोन नगरांची राखरांगोळीही आहे. ते क्रियापद म्हणजे ‘मेदिझेइन’. कोशात त्याचा अर्थ एका ओळीत सापडतो: मीडांची, म्हणजे इराणच्या बादशहाची, बाजू घेणे. कोशकाराचे काम तेथे संपते. इतिहासाचे काम तेथून सुरू होते. कारण कोणी काय केले म्हणजे त्याने ‘मीडांची बाजू घेतली’ असे ठरत होते, आणि हे ठरविणारे कोण होते, हे कोशात लिहिलेले नसते.

प्रथम शब्दाची घडण पाहू. नामापासून धातू बनविण्याची सोय पुष्कळ भाषांत असते. संस्कृत वैयाकरण त्याला नामधातू म्हणतात; कावळा ससाण्याच्या ऐटीत वागू लागला की तो ‘श्येनायते’. मराठीत ‘हात’वरून हाताळणे, ‘डोके’वरून डोकावणे, ‘नाव’वरून नावाजणे हे आपण रोज बोलतो. ग्रीक भाषेत नामाला ‘इझेइन’ हा प्रत्यय लावून असे धातू सहज होत, आणि लोकांच्या वा गावांच्या नावांना तर तो हमखास लागे. क्रीट बेटाचे लोक लबाड म्हणून प्रसिद्ध, म्हणून ‘क्रेतिझेइन’ म्हणजे लबाडी करणे. क्रीटच्या माणसाशी क्रीटपणा करणे ही ग्रीकांची म्हणच होती. ‘बार्बारिझेइन’ म्हणजे परक्या, न समजणाऱ्या भाषेत बडबडणे. ह्या सगळ्या धातूंत एक खोच असते. कोणी दुसऱ्यासारखा वागतो, म्हणजे स्वतःचे सोडून वागतो, हे त्यात न सांगता सांगितलेले असते. इंग्रजी अमदानीत साहेबी थाटात वावरणाऱ्याला आपल्या वडीलधाऱ्यांनी ‘इंग्रजाळलेला’ म्हटले; पण ‘मी इंग्रजाळलो’ असे स्वतःविषयी सांगत कोणी फिरल्याचे आमच्या ऐकिवात नाही. अशी क्रियापदे तृतीय पुरुषातच शोभतात.

आता शंका येईल की ग्रीकांचे वैर इराणी लोकांशी, मग क्रियापदात मीड कोठून आले? मीड हे इराणच्या वायव्य भागातील लोक. त्यांचे मोठे राज्य होते. इ. स. पू. ५५० च्या सुमारास सायरस ह्या इराणी राजाने ते जिंकून आपल्या राज्यात मिळविले. पुढे चार वर्षांनी लिडियाची राजधानी सार्डिस पडली आणि आशियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ग्रीक नगरांची पाळी आली. ती नगरे ज्या सेनापतींनी जिंकली ते माझारेस आणि हार्पागस हे दोघेही जातीने मीड. किनाऱ्यावरच्या ग्रीकांनी तटाखाली जो शत्रू पाहिला तो ‘मीड’ म्हणून पाहिला, आणि तेच नाव जिभेवर बसले. आपल्याकडील म्हातारी माणसे जशी प्लेगच्या सालापासून वय मोजीत, तसे झेनोफनीझ ह्या कवीच्या काळात ‘मीड आला तेव्हा तुझे वय काय होते?’ असे विचारण्याची रीत होती. ‘पर्सिझेइन’ असेही क्रियापद ग्रीकांजवळ होते, परंतु झेनोफनच्या प्रवासवृत्तात ते एका दुभाष्याला लागलेले आहे आणि त्याचा अर्थ नुसता इराणी भाषा बोलणे असा आहे. इराणी बोलणे हा गुन्हा नव्हता. गुन्हा ‘मीड’पणाचा होता.

हेरोडोटस हा ग्रीकांचा आद्य इतिहासकार. त्याच्या ग्रंथात हे क्रियापद वारंवार येते, पण सगळीकडे एकाच रंगाचे नाही. दरायसाचा सेनापती मेगाबेझस हा हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीवर मागे राहून मेदिझेइन न करणाऱ्या नगरांना जिंकीत होता, असे तो एके ठिकाणी सांगतो. येथे शब्दाला निंदेचा वासही नाही. ज्यांनी मान तुकविली नाही ते, एवढाच अर्थ. बादशहाचे दूत येत, माती आणि पाणी मागत. नगराने ते दिले की मांडलिकत्व मान्य झाले. हा व्यवहार उघड, दिवसाढवळ्या, नगराच्या ठरावाने होई. आपल्या बखरींतून जो ‘फितूर’ शब्द येतो तो येथे लावून चालणार नाही. फितूर होणारा मनुष्य रात्री दिंडीदरवाजा उघडतो. त्याचा धनी ठरलेला असतो आणि तो त्या धन्याला विकतो. ग्रीकांजवळ त्यासाठी निराळा शब्द होता, ‘प्रोडिडोनाइ’, हवाली करणे. परंतु थीब्ज, आर्गॉस, अथेन्स ही स्वतंत्र राज्ये. त्यांचा धनी कोण? ‘ग्रीस’ नावाचे राज्यच नव्हते, तर त्याच्याशी द्रोह कोणत्या कायद्याने व्हावा?

आणि गंमत अशी, की ह्या क्रियापदाला विरुद्धार्थी क्रियापद हेरोडोटसजवळ नाही. ‘हेलेनिझेइन’ हा शब्द मनात येईल, पण त्याचा अर्थ ग्रीक भाषा बोलणे. जे लोक इराणविरुद्ध उभे राहिले त्यांच्याविषयी त्याला लांबलचक बोलावे लागते: ग्रीसच्या बाबतीत ज्यांची बुद्धी चांगली होती ते लोक, अशा अर्थाची वाक्यरचना तो करतो. चुकलेल्यांना सुटसुटीत एकपदी नाव होते आणि चांगल्यांना तसे नव्हते.

युरोपच्या बाजूच्या ग्रीकांत बादशहाला माती आणि पाणी देणाऱ्यांत कोणाचे नाव फार आधी येते? अथेन्सचे. इ. स. पू. ५०७ च्या सुमारास स्पार्टाच्या भीतीने अथेन्सने सार्डिसच्या सुभेदाराकडे वकील पाठविले. सुभेदार आर्टाफर्नीझ म्हणाला, तहाचे मागाहून पाहू, आधी माती आणि पाणी द्या. वकिलांनी स्वतःच्या जबाबदारीवर ते दिले. घरी परतल्यावर त्यांना लोकांचे बोल खावे लागले, एवढेच हेरोडोटस सांगतो. प्रकरण तेथे मिटले. पुढे मॅराथॉन झाले, सॅलमिस झाले, आणि ते माती-पाणी कोणाच्या स्मरणात राहिले नाही. विजयाने बऱ्याच गोष्टी धुतल्या जातात.

इ. स. पू. ४८० साली झर्क्सीझ स्वतः निघाला तेव्हा मात्र ह्या क्रियापदाला धार आली. त्याच्या सेनेत आपल्या सिंधूकाठचे लोकही होते. सुती कपडे, वेताची धनुष्ये आणि लोखंडी टोकाचे बाण असे त्यांचे वर्णन हेरोडोटसाने केले आहे, आणि झर्क्सीझ परत गेल्यावर मार्डोनियसाने जे निवडक सैन्य ठेवून घेतले त्यातही त्यांची गणना आहे. ते बादशहाचे प्रजाजन होते, हुकमाने आले होते. त्यांनी कोणाची बाजू घेतली हा प्रश्न कोणी विचारला नाही. ज्या ग्रीकांनी इराणशी लढण्याचे ठरविले त्यांनी शपथ घेतली, की जे ग्रीक सक्तीवाचून बादशहाच्या स्वाधीन झाले त्यांच्याकडून, युद्ध नीट पार पडल्यावर, डेल्फीच्या देवाला दशमांश द्यावयाचा. शपथेतील ‘सक्तीवाचून’ हा शब्द आपण नीट ध्यानात ठेवू या.

थेसलीचेच पाहा. उत्तरेकडून येणाऱ्या सेनेच्या वाटेवरचा हा पहिला मोठा ग्रीक प्रदेश. तेथल्या अल्यूअड घराण्याचे संधान बादशहाशी आधीपासून होते, ही गोष्ट खरी. पण इतर थेसलीकरांनी दक्षिणेला निरोप धाडला: आमच्या खिंडी राखावयास या, आम्ही लढू, तुम्ही न आलात तर आम्हांला तह करावा लागेल. दहा हजार जडशस्त्रधारी शिपाई टेंपेच्या खिंडीत आले, थोडे दिवस थांबले आणि परत गेले. मग थेसलीने मेदिझेइन केले, आणि मनापासून केले, असे हेरोडोटस लिहितो. आता ही सक्ती म्हणावयाची की नाही?

शेजारच्या फोकिसचे प्रकरण ह्याहून बोलके आहे. फोकिस आणि थेसली ह्यांचे हाडवैर. थेसलीकरांनी निरोप पाठविला, की पन्नास टॅलंट चांदी द्या म्हणजे बादशहाची फौज तुमच्या मुलखावरून दुसरीकडे वळवितो. फोकिसने नकार दिला. तेव्हा थेसलीचे वाटाडे पुढे आणि इराणी फौज मागे, अशी फोकिसची गावे जाळीत सेना गेली. येथे हेरोडोटस थांबून आपला अभिप्राय देतो. त्याच्या मते फोकिसने मीडांची बाजू घेतली नाही ती केवळ थेसलीच्या द्वेषामुळे. थेसली ग्रीकांच्या बाजूला गेली असती तर फोकिसने मेदिझेइन केले असते. इतके रोखठोक वाक्य लिहावयास धैर्य लागते. आणि गोष्ट इथेही संपत नाही. दुसऱ्याच वर्षी फोकिसचे एक हजार शिपाई मार्डोनियसाच्या छावणीत उभे होते. खुषीने नव्हे, नाइलाजाने, असे हेरोडोटस म्हणतो, पण क्रियापद तेच वापरतो. त्याच वेळी फोकिसचे दुसरे लोक पार्नासस डोंगरावरून उतरून त्याच छावणीची रसद मारीत होते. एकच जमात, एकच उन्हाळा. त्यांतल्या कोणाला कोणते क्रियापद लावावयाचे?

आर्गॉसने काहीच केले नाही. थोड्या वर्षांपूर्वी स्पार्टाच्या क्लिओमेनीझने त्यांचे सहा हजार पुरुष मारले होते. मदत मागावयास वकील आले तेव्हा आर्गॉसने तीस वर्षांचा तह आणि निम्मे सेनापतित्व मागितले. स्पार्टाने आमचे राजे दोन आहेत, तुमचा एक, असा हिशेब सांगितला, आणि आर्गॉस घरी बसले. पेलोपोनीसमधली आणखीही काही नगरे अशीच बसली. त्यांच्याविषयी हेरोडोटस म्हणतो, मोकळे बोलावयाचे तर ह्यांनी बाजूला बसूनच मेदिझेइन केले. पहिल्यांदा ज्याचा अर्थ शरण जाणे एवढाच होता, ते क्रियापद आता स्वस्थ बसणाऱ्यालाही लागू लागले. तरीही हाच हेरोडोटस आर्गॉसविषयी लिहिताना मऊ होतो. सगळ्या माणसांनी आपापली पापे बदलून घेण्यासाठी चव्हाट्यावर आणून मांडली, तर शेजाऱ्यांची पाहून झाल्यावर प्रत्येक जण आपलीच आनंदाने घरी घेऊन जाईल, अशा आशयाचे त्याचे उद्गार आहेत. हा इतिहासकार आम्हांला प्रिय आहे तो अशा जागांसाठी.

थीब्जला मात्र असा मऊपणा कोणी दाखविला नाही. थर्मापिलीच्या खिंडीत लिओनिडासबरोबर चारशे थीबन होते. ते केवळ ओलीस म्हणून ठेवले होते आणि अखेरीस त्यांनी हात वर केले, असे हेरोडोटस सांगतो. पाचशे वर्षांनी प्लूटार्क ह्या गोष्टीवर इतका संतापला, की हेरोडोटसाच्या दुष्टाव्यावर त्याने एक स्वतंत्र निबंधच लिहिला. प्लूटार्क थीब्जच्याच प्रांतातला, बिओशियामधला. क्रियापदाचा डाग पाच शतकांनंतरही गावकऱ्यांना खुपत होता, ह्याचा हा पुरावा. खिंड पडल्यानंतर थीब्ज उघडपणे मार्डोनियसाच्या बाजूला होते ह्यात शंका नाही. इ. स. पू. ४७९ मध्ये प्लॅटीयाच्या मैदानावर इतर ग्रीक मांडलिक मुद्दाम ढिलाईने लढले. थीबन मात्र अथेन्सच्या फळीवर तुटून पडले आणि त्यांचे तीनशे निवडक वीर तेथे मेले.

विजयानंतर अकराव्या दिवशी ग्रीक सेना थीब्जच्या तटाखाली आली. तिचा सेनापती स्पार्टाचा पॉसेनियस. मागणी एकच: मेदिझेइन करणारे आमच्या हवाली करा. वीस दिवस वेढा चालला. तेव्हा तिमागेनिडास नावाचा पुढारी आपल्या नगरवासीयांपुढे उभा राहिला. तो म्हणाला, त्यांना पैसे पाहिजे असतील तर सरकारी तिजोरीतून देऊ, कारण आम्ही मेदिझेइन केले ते सर्व नगरासह केले, आम्ही काही एकटे नव्हतो. आणि त्यांना खरोखरच आम्ही पाहिजे असू, तर आम्ही जातो. येथे हे क्रियापद प्रथम पुरुषात आले आहे, आणि ते अनेकवचनात आहे. ‘मी’ म्हणणारा अद्याप कोणी सापडत नाही, पण ‘आम्ही’ म्हणणारा हा एक सापडला.

दुसरा पुढारी अट्टागिनस पळून गेला. त्याची मुले पॉसेनियसपुढे आणली तेव्हा त्याने ती सोडून दिली. मीडांची बाजू घेण्यात मुलांचा काय वाटा, असे तो म्हणाला. बाकीच्यांना वाटत होते की चौकशी होईल, बोलता येईल, पैसा चालेल. पॉसेनियसने चौकशीच केली नाही. त्यांना कॉरिंथला नेऊन ठार केले.

शपथेतील दशमांश वसूल झाला नाही. लुटीच्या दशमांशातून डेल्फीला तीन सर्पांच्या विळख्याचा एक काशाचा स्तंभ उभारला आणि त्यावर लढलेल्या एकतीस नगरांची नावे कोरली. तो स्तंभ कॉन्स्टन्टाइन बादशहाने उचलून नेला; शिरे तुटली तरी आज तो इस्तंबूलला उभा आहे. त्यावर टेनॉस नावाच्या एका लहानशा बेटाचे नाव आहे. टेनॉसची गलबते झर्क्सीझच्या आरमारात होती. सॅलमिसच्या आदल्या रात्री त्यांतले एक निसटून ग्रीकांना येऊन मिळाले, आणि त्या एका गलबताने नाव कोरून घेतले. स्पार्टाने पुढे असाही आग्रह धरला, की जी नगरे लढली नाहीत त्यांना डेल्फीच्या धर्मसभेतून काढून टाकावे. थेमिस्टोक्लीझने तो हाणून पाडला. लढणारी नगरे एकतीसच, त्यांतली बहुतेक चिमुकली. बाकी सगळे गेले तर दोन-तीन मोठ्यांचेच राज्य होईल, हे त्या धूर्त मनुष्याला कळत होते.

आता पुढचे ऐका. थीबनांना चौकशीवाचून मारणारा पॉसेनियस पुढच्याच वर्षी बिझँटियमला मीडांचा पोषाख घालून, मीड व ईजिप्शियन रखवालदार भोवती घेऊन हिंडू लागला. त्याने झर्क्सीझच्या मुलीला मागणी घातली होती असे थ्युसिडिडीझ सांगतो. आरोप झाला: मीडांची बाजू घेतली. एकदा सुटला, दुसऱ्यांदा पुरावा सापडला तेव्हा तो अथीना देवीच्या आवारातील एका खोलीत शिरला. एफोर अधिकाऱ्यांनी दारे चिणून घेतली आणि उपासमारीने प्राण जाण्याच्या बेतात असताना त्याला बाहेर काढले. त्याच्याच कागदपत्रांत थेमिस्टोक्लीझही गुंतला आहे असे स्पार्टाने अथेन्सला कळविले. सॅलमिसचा हा वीर तेव्हा हद्दपार होऊन आर्गॉसला राहत होता. तो पळाला, आणि शेवटी खरोखरच बादशहाच्या आश्रयाला गेला, एका वर्षात इराणी भाषा शिकला. बादशहाने त्याला भाकरीसाठी मॅग्नीशिया, मद्यासाठी लँप्सॅकस आणि कालवणासाठी मायूस ही गावे तोडून दिली. मॅग्नीशियाला त्याने आपल्या नावाची नाणी पाडली. प्लॅटीयाचा सेनापती आणि सॅलमिसचा सूत्रधार, दोघांचीही अखेर ह्याच एका क्रियापदाखाली झाली. आरोप आधी आणि कृती नंतर, असा क्रम थेमिस्टोक्लीझच्या बाबतीत आम्हांला दिसतो. निदान उपलब्ध पुराव्यावरून तो आरोप झाला तेव्हा सिद्ध झाला होता असे म्हणवत नाही.

अथेन्सच्या गल्लीबोळांतही हा शब्द पोहोचला होता. नको असलेल्या पुढाऱ्याला दहा वर्षे हद्दपार करण्यासाठी तेथे फुटक्या खापरांवर नाव लिहून मत देत. केरामाइकॉस भागात विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात अशा हजारो खापऱ्या निघाल्या. क्रॅटियसचा मुलगा कॅलियस नावाच्या एका गृहस्थाविरुद्ध त्यांतल्या शेकडो आहेत. लेखी इतिहासात त्याचे काहीच वृत्त नाही. काहींवर त्याच्या नावापुढे ‘मीड’ असे लिहिले आहे, आणि एकीवर मतदाराने इराणी वेषातील तिरंदाजाचे चित्र काढले आहे. दोष काय, हे कोणी लिहिले नाही. चित्र काढले की पुरे झाले.

ह्या शब्दाचा खरा कस लागला तो पन्नास वर्षांनी, प्लॅटीयालाच. प्लॅटीया हे बिओशियातलेच लहान नगर, पण थीब्जच्या धाकात राहावयाचे नाही म्हणून त्याने इ. स. पू. ५१९ च्या सुमारास अथेन्सशी सख्य केले होते. इराणशी लढलेले, सर्पस्तंभावर नाव असलेले. अथेन्स आणि स्पार्टा ह्यांचे महायुद्ध जुंपले तेव्हा इ. स. पू. ४२९ मध्ये स्पार्टाने, थीब्जच्या आग्रहाने, प्लॅटीयाला वेढा घातला. आत चारशे प्लॅटीयन, ऐंशी अथीनियन आणि भाकऱ्या भाजण्यासाठी एकशे दहा बायका. एका वादळी रात्री दोनशे बारा जण तटावरून निसटले. उरलेल्यांनी इ. स. पू. ४२७ च्या उन्हाळ्यात, न्यायाने निवाडा होईल ह्या भरवशावर, शस्त्रे खाली ठेवली.

स्पार्टाहून पाच न्यायाधीश आले. त्यांनी आरोप ठेवला नाही. एकच प्रश्न विचारला: ह्या युद्धात तुम्ही स्पार्टाचे आणि तिच्या मित्रांचे काही भले केले आहे काय? प्लॅटीयनांनी बोलण्याची परवानगी मागितली. थ्युसिडिडीझने ते भाषण दिले आहे आणि त्यावरचे थीबनांचे उत्तरही. भाषणांचे शब्द त्याने स्वतः रचले असतील, पण कोर्टात कोणत्या युक्तिवादाला वजन होते हे त्यावरून कळते. प्लॅटीयन म्हणाले: बिओशियामधले आम्हीच मीडांशी लढलो, तुमच्या बापांच्या कबरी आमच्या मातीत आहेत, दरवर्षी आम्ही त्यांना वस्त्रे आणि पहिले पीक वाहतो, आम्हांला मारून ही भूमी थीब्जला द्याल तर त्यांना त्यांच्या खुन्यांच्या हाती सोपवाल.

थीबनांची बाजू अवघड होती, आणि त्यांनी ती फार हुशारीने मांडली. पहिला मुद्दा असा, की आमच्या नगराने मेदिझेइन केले तेव्हा नगर स्वतःच्या ताब्यात कोठे होते? थोड्या माणसांची जुलमी सत्ता होती. तिने लोकांना दाबून धरले आणि मीडाला आत आणले. जे नगर आपल्या बुद्धीने वागत नव्हते त्याला दोष कसला? तिमागेनिडासने वेशीआड जे सांगितले त्याच्या हे नेमके उलट. तो म्हणाला होता, सगळ्या नगराने केले. नातवंडे म्हणाली, चार माणसांनी केले. दुसरा मुद्दा ह्याहून तिखट. प्लॅटीयाने मेदिझेइन केले नाही म्हणता? त्यांनी ते केले नाही, कारण अथेन्सने केले नाही. पुढे अथेन्स इतर ग्रीकांना गुलाम करू लागले तेव्हा, सगळ्या बिओशियात ह्यांनीच तेवढे ‘अत्तिकिझेइन’ केले. ॲटिका म्हणजे अथेन्सचा प्रांत. अत्तिकिझेइन म्हणजे अथेन्सची बाजू घेणे. साचा तोच, फक्त नाम बदलले, आणि जुन्या क्रियापदाचा सगळा कलंक नव्या क्रियापदात ओतला गेला. आमच्यावर बळजबरी झाली होती, तुम्ही खुषीने गेलात, असा त्यांचा शेवटचा घाव होता.

न्यायाधीशांनी पुन्हा तोच प्रश्न, आता एकेकाला पुढे बोलावून, विचारला. प्रत्येक जण ‘नाही’ म्हणाला आणि प्रत्येकाला बाजूला नेऊन मारले. दोनशेहून कमी नाहीत असे प्लॅटीयन आणि पंचवीस अथीनियन. बायका विकल्या. सुमारे वर्षभराने नगर पायापासून खणून काढले. थ्युसिडिडीझ कोरडेपणाने सांगतो, की स्पार्टाने हे थीब्जसाठी केले. चालू युद्धात थीब्ज उपयोगी पडेल असे तिला वाटले.

एकदा साचा सापडल्यावर नवी क्रियापदे निघावयास वेळ लागला नाही. इ. स. पू. ४१२ मध्ये खिऑस बेटावर टिडियस आणि त्याचे साथीदार अत्तिकिझेइन केल्याच्या आरोपावरून मारले गेले. ‘लाकोनिझेइन’, स्पार्टाचे अनुकरण करणे. अथेन्समधले काही तरुण लांब केस, मळके कपडे आणि हातात सोटा घेऊन तसे हिंडत, आणि ॲरिस्टोफेनीसने आपल्या ‘पक्षी’ नाटकात त्यांची थट्टा करताना सॉक्रेटिसच्या नावाचेही एक क्रियापद करून टाकले. मॅसिडोनच्या फिलिपचा जोर वाढला तेव्हा डेल्फीची देववाणी सुद्धा ‘फिलिप्पिझेइन’ करते असे डिमॉस्थेनीस म्हणाला. त्याच्या शत्रूने, एस्किनीझने, हे भर कोर्टात काढून दाखविले. मूळ शब्दाची जरब मात्र ओसरत चालली. इ. स. पू. ३८६ मध्ये स्पार्टाने बादशहाच्या नावाने तह केला आणि आशियातली ग्रीक नगरे त्याला देऊन टाकली. कोणी हळहळून म्हणाले, स्पार्टाचे लोक मेदिझेइन करू लागले, ग्रीसचे काय होणार! राजा अजेसिलेअस उत्तरला, छे, मीडच लाकोनिझेइन करू लागले आहेत. प्लूटार्कने ही आठवण दिली आहे. विनोद झकास आहे. आशियातल्या ग्रीकांना तो किती आवडला असेल कोण जाणे.

पण शब्द म्हातारा झाला म्हणून मेला नव्हता. इ. स. पू. ३३५ मध्ये थीब्जने तरुण अलेक्झांडरविरुद्ध बंड केले. वेढा पडला असता थीबनांच्या दवंडीवाल्याने बुरुजावरून पुकारले, की ज्याला ग्रीसच्या जुलमी धन्याचा नाश करावयाचा असेल त्याने इराणच्या बादशहाला आणि थीब्जला येऊन मिळावे. दीडशे वर्षांनी तेच नगर, तोच बादशहाचा हवाला, आणि आता तो ग्रीसच्या मुक्ततेसाठी! नगर पडले. सहा हजारांवर माणसे मेली. उरलेल्यांचे काय करावयाचे ते अलेक्झांडरने आपल्या ग्रीक मित्रांवर सोपविले. त्यांच्यात फोकिसचे लोक होते, ज्यांचे एक हजार शिपाई मार्डोनियसाच्या छावणीत उभे राहिले होते. पुन्हा वसलेल्या प्लॅटीयाचे लोक होते. थीब्जने झर्क्सीझच्या बाजूने ग्रीकांशी युद्ध केले हा आरोप तेथे पुन्हा वाचला गेला, आणि नगर पाडून माणसे विकावीत असा निकाल झाला. तीस हजारांहून अधिक विकली गेली. ज्याच्या नावाने हा निकाल अमलात आला त्या अलेक्झांडरचा त्याच नावाचा पूर्वज, मॅसिडोनचा पहिला अलेक्झांडर, इ. स. पू. ४७९ मध्ये मार्डोनियसाचा वकील होऊन अथेन्सला शरणागतीचा निरोप घेऊन गेला होता. त्याची आठवण त्या सभेत कोणी काढल्याचे वृत्त नाही.

पिंडर कवीचे घर तेवढे राखले. वीस वर्षे तेथे नगर नव्हते. इ. स. पू. ३१६ मध्ये कॅसँडरने थीब्ज पुन्हा वसविले, तेव्हा निरनिराळ्या ग्रीक नगरांनी हातभार लावला. तटाचा बराच मोठा भाग अथेन्सच्या लोकांनी बांधून दिला.